हुंगलेलं फूल

गुलाबातलं मला कळतं. हे मी लाजतबुजत सांगत नाही. ज्याला जे येतं ते त्यानं सरळ सांगावं. कलम बांधणं पुष्कळांना येतं. चांगल्या बागेतून झाड आणून अंगणात लावणं तर कुणालाही येतं, त्याला फक्त हौस लागते. मी बी धरून नवे गुलाब केले, आणि तेही वर्ध्याला, जिथे वैशाखात दारातला कुत्रासुद्धा सावली सोडत नाही.

लग्न होऊन मी आर्वीहून वर्ध्याला आले तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता. बोरगावच्या बाजूला, गाव संपून शेतं सुरू होतात तिथल्या एका वाड्यात आमचं भाड्याचं घर होतं. आमचे हे कचेरीत कारकून. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. आत्याबाई शिडशिडीत, ताठ, कडक सोवळ्याच्या, आणि जिभेला धार अशी की कोयत्यानं लाजावं. माझीही जीभ काही बोथट नव्हती, त्यामुळे घरात भाजीला फोडणी कमी पडली तरी बोलण्याला कधी पडली नाही.

गुलाबाचं वेड मी माहेरून आणलं. बाबा आर्वीला कापसाच्या एका जिनात मुनीम होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा एक साहेब आपला बंगला मोडून विलायतेला निघाला. त्याच्या बागेतल्या एका गर्द लाल गुलाबाची काडी बाबांनी मागून आणली आणि कलम केलं. त्या झाडाचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही त्याला लाल विलायती म्हणायचो. फूल असं की बघत राहावं, भरगच्च, पाकळी जाड, रंग जुन्या पैठणीसारखा. पण वास म्हणाल तर नावालाही नाही. बाबा रोज त्याच्यापुढे उभे राहायचे आणि रोज म्हणायचे, "बिनावासाचा गुलाब म्हंजे बिनमिठाचं वरण." माझ्या पाठवणीच्या वेळी भांड्यांच्या जोडीला बाबांनी मला त्याच झाडाचं एक कलम दिलं.

वर्ध्याच्या घरामागे विहिरीजवळ एक गावठी गुलाब आधीपासून होता. फिका गुलाबी, पाकळ्या सैल, दुपारपर्यंत निम्म्या खाली. पण वास असा की आंघोळीला गेलेला माणूस बादली तिथेच ठेवून वळून बघायचा. दोन्ही झाडं एकाच अंगणात आली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. दिवाळीला आर्वीला गेले तेव्हा मी बाबांना म्हटलं, "लाल विलायतीच्या रंगात आमच्या गावठीचा वास घालून दाखवते." बाबा हसले नाहीत. म्हणाले, "दाखव."

बस्स, तेवढ्या एका शब्दावर मी कामाला लागले.

काम तसं अवघड नाही, फक्त निर्दय आहे. लाल विलायतीची कळी उमलायच्या आदल्या दिवशी तिच्या सगळ्या पाकळ्या ओढून काढायच्या. आतले पिवळे केसर चिमट्यानं एकेक खुडायचे. मग ते उघडंबोडकं बोंड जुन्या धोतराच्या चिंधीत बांधून ठेवायचं, म्हणजे माशी-मधमाशी आपला कारभार करून जात नाही. दुसऱ्या दिवशी चिंधी सोडून गावठी गुलाबाचा पराग त्यावर टेकवायचा आणि पुन्हा बांधायचं. पराग लावायला मी यांच्या दाढीच्या जुन्या ब्रशाचे केस घेतले होते. यांनी नवा ब्रश आणला, पण तक्रार केली नाही. हे स्वभावानं गरीब होते, आणि दोन तिखट बायकांच्या घरात गरीब असण्यातच शहाणपण आहे हे त्यांना कळत होतं.

आत्याबाईंनी मला पहिल्यांदा पाकळ्या ओढताना पाहिलं तेव्हा त्या ओरडल्याच.

"अवं, चांगल्या फुलाले नागवं काऊन करून राह्यली?"

"लग्न लावतेय त्याचं," मी म्हटलं.

"लग्नात कोणी नवरीचे कपडे काढते का?"

मी चिंधी बांधली आणि पुढच्या कळीकडे वळले.

थंडीत बांधलेली बोंडं चैत्राच्या आसपास पिकून बोराएवढी आणि भगवी होतात. ती फोडून बी काढायचं. आमच्याकडे थंडी कितीशी? म्हणून मी ते बी ओल्या रेतीत घालून पिण्याच्या माठाला टेकवून ठेवत असे. माठ पाझरायचा, रेती गार राहायची. दसरा झाला की खोक्यात पेरायचं. माती आमची काळी, कपाशीची. पावसात चिखल आणि उन्हात भेगा. त्यात नदीची रेती आणि चाळलेलं शेणखत निम्मं मिसळल्याशिवाय गुलाबाचं कोवळं मूळ जगत नाही. दिवाळीनंतर कोंब वर आले. माघात त्यातल्या पहिल्या रोपांना फुलं लागली. वीतभर रोप आणि त्यावर रुपयाएवढं फूल. आपण लावलेल्या लग्नाची लेकरं तोंड दाखवतात तो दिवस मला कुठल्याही सणाहून मोठा वाटे, आजही वाटतो.

आता निवड. इथे हौशी माणसं गळपटतात. त्यांना प्रत्येक रोप आपलं वाटतं. मला वाटत नाही. ज्याच्या पानावर भुरीची पांढरी बुरशी आली ते उपटायचं. ज्याचं फूल मान टाकतं ते उपटायचं. ज्याचा लाल रंग उन्हात निळसर पडतो ते तर दोनदा उपटायचं. शेजारणी म्हणायच्या, "आम्हाले द्या ना, टाकता काऊन?" मी देत नसे. माझ्या हातचा खोटा माल उद्या कुणाच्या अंगणात मिरवला तर नाव माझंच जायचं. शिवाय फाल्गुन सरला की विहिरीचं पाणी खोल जाई, आणि ती विहीर सगळ्या वाड्याची होती. उन्हाळ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मांडव करून एखाददुसरं रोप वाचवता येई, त्याहून जास्त नाही. म्हणजे निवड फाल्गुनातच व्हायला हवी आणि बिनचूक व्हायला हवी.

रंग दिसतो, भुरी दिसते. वास मात्र घ्यावा लागतो. आणि तिथेच आत्याबाई आडव्या आल्या.

त्यांचा नियम होता, झाडाचं पहिलं फूल देवाचं. त्यावर माझी हरकत नव्हती. पण झाडावरचं फूल हुंगलं की ते उष्टं, आणि उष्टं फूल देवाला चालत नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग. माझ्या माहेरीही हे मानत, पण तिथे मानणं आणि पाळणं यांत थोडी हवा खेळायला जागा होती. आत्याबाईंकडे ती नव्हती. रोपावर फूल उमललं की सकाळी त्या परडी घेऊन हजर. मी नाक जवळ नेलं की मागून आवाज यायचा, "दूर हो."

"अहो आत्याबाई, वास घेतल्याशिवाय मला कळणार कसं?"

"संध्याकाळी निर्माल्यातलं फूल घेजो. देवानं घेतलं की मंग तुहं. हुंग म्हणावं तितकं."

हे मला पटलं. पटलं म्हणजे काय, भांडण टळत होतं आणि काम होत होतं. रोज संध्याकाळी मी देव्हाऱ्यापुढे बसून निर्माल्यातली फुलं एकेक करून हुंगू लागले. कुठलं फूल कुठल्या रोपाचं हे लक्षात राहावं म्हणून देठाला रंगीत दोरा बांधत असे. बहुतेकांचा वास फिका. पण हिरव्या दोऱ्याचं एक फूल हातात घेतलं आणि मी उडालेच. काय तो वास! गोड, गार, खोलवर जाणारा. दुसऱ्या रोपांत तसला कशालाच नव्हता. रंगही हवा तस्साच गर्द, आणि फूल सगळ्यांत मोठं. मी ते आत्याबाईंच्या नाकाशी नेलं. त्यांनी आधी डोळ्यांना लावलं, मग हुंगलं आणि म्हणाल्या, "वा." त्या बाईच्या तोंडून वा निघणं म्हणजे सरकारी पदक होतं.

मी हिरव्या दोऱ्याचं रोप ठेवलं आणि बाकी सगळी उपटून उकिरड्यावर टाकली.

त्या उन्हाळ्यात ते रोप मी लेकरासारखं जपलं. कळ्या दिसल्या की खुडून टाकत होते, कारण कोवळ्या झाडानं उन्हाळ्यात फूल धरलं तर मूळ उपाशी राहतं. रोप वाचलं. मात्र वैशाखात लाल विलायती गेला, बुंध्यापासून वाळला. बाबांकडचं मूळ झाड वाळवीनं त्याआधीच खाल्लं होतं. म्हणजे त्या रंगाचं आईझाड आता कुठेच नव्हतं. मला वाईट वाटलं, पण फार नाही. त्या थंडीतही मी बोंडं बांधली होती, त्यांचं बी माठाजवळ रेतीत होतं, आणि मुख्य म्हणजे हवा तो गुलाब अंगणात उभा होता. दसऱ्यानंतर दुसरं खोकं पेरलं ते केवळ बी वाया जाऊ नये म्हणून.

त्याच दिवाळीत आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. कचेरीत यांच्या डोक्याला त्याचा ताप होता. माझ्या डोक्यात फक्त एक कळी होती. पावसाळा सरल्यावर झाडानं धरलेली पहिली मोठी कळी. पाडव्याला माहेरी निघाले तेव्हा पहाटे मी ती कापली. देवासाठी दुसरी एक ठेवून आत्याबाईंची परवानगी रीतसर काढली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून कळी पितळी डब्यात ठेवली. कळीला वास नसतोच, उमलली की येईल. पुलगावला गाडी बदलून आर्वीच्या छोट्या गाडीत बसले, आणि ती गाडी चालते तशी चालली, म्हणजे शेतातल्या म्हशी पुढे गेल्या तरी आमचा डबा तिथेच. पण मी खूष होते. डबा मांडीवर होता आणि बाबांचा चेहरा मला डोळ्यांपुढे दिसत होता.

बाबांनी डबा उघडला. कळी मस्त उमलली होती. त्यांनी रंग पाहिला आणि त्यांचे डोळे भरले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग त्यांनी फूल नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. डोळे मिटून तिसऱ्यांदा नेलं.

"बेटा, याले वास कुठं आहे?"

मी फूल हिसकावलंच. हुंगलं. ओल्या फडक्याचा वास आला. गुलाबाचा आला नाही.

"तू पाह्यला कसा होता याचा वास?" बाबांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, नियम, निर्माल्य, रंगीत दोरे. बाबा ऐकत गेले आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "मोठं फूल होतं म्हणतेस ना? मंग तुह्या सासूनं ते देवाच्या डोक्यावर ठेवलं असन. गंध लावलेल्या ओल्या मूर्तीवर. बाकीची पायाशी."

तसंच होतं. आत्याबाई रोज सहाणेवर चंदन उगाळून बाळकृष्णाला जाडजूड गंध लावत आणि सगळ्यांत मोठं फूल त्यावर टेकवत. दिवसभर ते फूल चंदनात मुरत होतं, आणि रोज त्या वासात वावरणाऱ्या आमच्या नाकांना चंदन वेगळं कळलंच नव्हतं.

"बेटा, तू गुलाब नाई निवडला," बाबा म्हणाले, "चंदन निवडलं!" आणि ते इतके हसले की आतून आई पळत आली.

मला राग आला. बाबांचा नाही, देवाचा तर नाहीच. त्या "दूर हो"चा आला. फाल्गुनात उकिरड्यावर टाकलेल्या रोपांत एखादं खरं वासाचं असेल तर ते गेलं ते गेलंच. आईझाडही गेलं. आता जे काही होतं ते वर्ध्याच्या त्या खोक्यात होतं, ज्याच्याकडे मी निघताना धड पाहिलंही नव्हतं. त्यातून तो गुलाब निघाला नाही तर त्या बिनवासाच्या झाडावरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि तसा रंग पुन्हा येईलच असं नाही.

परत आल्यावर मी आत्याबाईंना सरळ सांगितलं. "या खोक्यातलं एकही फूल मी हुंगल्याशिवाय देवाला मिळायचं नाही."

"माहेरी जाऊन अक्कल घेऊन आली वाटते!"

"हो. आणि तुमचं चंदन गुलाब म्हणून माझ्या नाकात घातलंत त्याचा हिशेब बाबांनी मांडून दिलाय." मी झाला प्रकार सांगितला. त्या हसल्या नाहीत. पण वादही घातला नाही. "पह्यलं फूल उष्टं करून देवाले देणार नाई म्हंजे नाई," एवढंच म्हणाल्या आणि आमचा अबोला सुरू झाला. आम्ही यांच्यामार्फत बोलू लागलो. "आईला सांगा पोळी वाढलीय." "तिले सांग मले भूक नाई." हे बिचारे दोन्हीकडचे निरोप पोचवत जेवायचे, आणि शेवटी ताटावरून उठून अंगणात फेऱ्या मारायचे.

रोपं वाढत होती. मी खोक्यातून काढून त्यांना डब्यांत लावलं. माघ आला. एका रोपाची कळी फुगली, रंग दिसू लागला. उद्या उमलणार हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेले तर आत्याबाई आधीच तिथे उभ्या. न्हाऊन आलेल्या, हातात परडी. मला वाटलं, झाली सुरुवात. मी पदर खोचला.

"तू सरक," त्या म्हणाल्या. "तुले लेकरंबाळं व्हायची हायेत. देवाचं काई कमीजास्त झालं तं तुह्या अंगावर नको. मी हुंगते. पाप लागन ते मले लागन. माहं आता काय राह्यलं?"

मी सरकले.

सासरे गेल्यापासून त्या बाईनं केसांत फूल घातलं नव्हतं, मनगटाला अत्तर लावलं नव्हतं. देवाच्या अंगावरून उतरलेलं तेवढं फूल त्यांच्या वाट्याचं. झाडावरचं ताजं फूल त्यांनी शेवटचं कधी हुंगलं असेल कोण जाणे. त्या वाकल्या, पण नाक फुलापासून लांबच. मग चोरासारखं इकडे तिकडे पाहिलं आणि नाक टेकवलं.

"याले वास नाई," त्या म्हणाल्या, फूल खुडलं आणि माझ्या हातात दिलं. "घे. उष्टं आहे." त्या दिवशी देवाला तगर आणि कण्हेर मिळाली.

त्यानंतर रोज हाच क्रम. आधी त्या घाबरत हुंगायच्या, मग सवयीनं, आणि मग, मी पैजेवर सांगते, आवडीनं. निकाल द्यायला लागल्या. "याले भिजू घातल्या डाळीचा वास येते." "हा चहाच्या पत्तीसारखा." "हा दुरून बोलावते, जवळ गेलं की काई नाई, आमच्या नणंदेसारखा." प्रत्येक फूल माझ्या हातात येई, मी हुंगून बघे, आणि दरवेळी त्यांचं खरं निघे. नाक म्हणजे सोनाराचा काटा. रंग आणि पानं मी बघायची, वास त्यांनी. जे रोप बाद ते मी तिथल्या तिथे उपटायची. ज्यांना थोडाफार वास होता ती तीनचार "पाहू" म्हणून भिंतीकडे सरकवून ठेवली होती. पण आम्हा दोघींनाही माहीत होतं की तो अजून सापडला नाही. फुलायची रोपं संपत आली होती आणि ऊन तापू लागलं होतं.

एका सकाळी एक ठेंगणं, काटेरी रोप फुललं. फूल मोठं नव्हतं. रंग मात्र तोच, पैठणीचा. पान स्वच्छ, मान ताठ. मी बाजूला उभी राहिले. आत्याबाई वाकल्या, नाक टेकवलं.

आणि वर आल्याच नाहीत. मी वाट बघितली. त्यांचा लांब श्वास मला ऐकू आला, मग आणखी एक. त्यांचे डोळे मिटलेले होते. परडी धरलेला हात खाली गेला होता आणि तुळशीची पानं मातीत सांडली होती, तेही त्यांना कळलं नाही.

मग त्या सरळ झाल्या. फूल देठाशी खुडलं. मी रोजच्यासारखा हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, फूल आपल्या परडीत ठेवलं, सांडलेल्या पानांतली दोन उचलून, झटकून त्यावर झाकली.

"हे मी काई हुंगलं-बिंगलं नाई," त्या म्हणाल्या. "समजलं?"

"समजलं," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. थोड्या वेळानं देव्हाऱ्यातली घंटी वाजली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदमच. त्या फुलाचा वास मी घेतला नव्हता. भिंतीकडे "पाहू" म्हणून राखलेली सगळी रोपं मी आत्याबाईंची पूजा आटपायच्या आत उपटून टाकली.